क्रिएटिनिन ३.८, आरडीडब्ल्यू १७: आयसीयूतले हे आकडे नेमकं काय सांगतात?

प्रश्न: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. न्यूमोनियातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गामुळे इतर अवयवही बिघडायला लागले. पाच दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत, बीपी टिकवायला नॉरॲड्रेनलिन चालू आहे. आधी १.१ असलेलं क्रिएटिनिन ३.८ झालंय. सीबीसीत आरडीडब्ल्यू १७, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर २२, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.३. एका शोधनिबंधात वाचलं की किडनीला इजा झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांत आरडीडब्ल्यू जास्त असेल तर मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं. म्हणजे बाबा वाचणार नाहीत का? अल्ब्युमिन चढवायला सांगावं का? डायलिसिस लवकर करून घ्यावं का, आणि एकदा सुरू झालं की ते कायमचं का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आरडीडब्ल्यू, म्हणजे लाल पेशींच्या आकारात किती फरक आहे त्याचं माप, १७ आहे म्हणून तुमचे वडील वाचणार नाहीत, असं कुणीही सांगू शकत नाही, आणि तुम्ही वाचलेला निबंधही तसं सांगत नाही. त्यांची प्रकृती गंभीर आहे, हे मी लपवणार नाही. पण ते गांभीर्य मोजायचे आकडे वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

असे निबंध गेल्या काही वर्षांत भरमसाट निघालेत, आणि त्यांतले बरेचसे एकाच साठ्यातून आलेले आहेत. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटरच्या आयसीयूमधल्या नोंदी, रुग्णांची ओळख काढून टाकून, एमआयटीच्या संशोधकांनी ‘मिमिक’ या नावाने जगभरच्या अभ्यासकांना खुल्या केल्या. तिसऱ्या आवृत्तीत २००१ ते २०१२ या काळातले ४० हजारांच्या आसपास रुग्ण आहेत. काम फार मोलाचं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यामुळे सीबीसीतला कोणताही आकडा उचलायचा, त्याला अल्ब्युमिनने किंवा प्लेटलेट्सने भागायचं आणि त्याचा मृत्यूशी संबंध लागतो का ते पाहायचं, हे सोपं झालं. संबंध बहुतेक वेळा लागतोच. जास्त आजारी माणसाचं रक्त चार-पाच बाबतींत एकदम बिघडलेलं असतं, मग त्यातला कोणताही आकडा घ्या, तो मृत्यूच्या बाजूला झुकलेला दिसणार.

आकडेमोडीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आरडीडब्ल्यू जास्त असलेल्या १०० जणांपैकी ४० दगावले आणि कमी असलेल्या १०० जणांपैकी २८. निबंधात याला ‘स्वतंत्र धोका’ म्हणतील, आणि संख्याशास्त्राच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण जास्त आरडीडब्ल्यूवाल्यांतलेही ६० जण घरी गेले. तुमचे वडील त्या ६० मधले की ४० मधले, हे हा आकडा सांगत नाही. शिवाय अशा अभ्यासांत बहुतेक वेळा दाखल झाल्यावरच्या पहिल्या २४ तासांतलं रक्त धरलेलं असतं. तुम्ही पाचव्या दिवसाचा रिपोर्ट हातात घेऊन तो निबंध वाचताय. मधल्या चार दिवसांत त्यांना सलाईन गेलंय, औषधं गेलीत, कदाचित रक्तही चढलंय.

आरडीडब्ल्यू एरवी साधारण ११.५ ते १४.५ टक्के असतो. शरीरात जळजळ असली की तो वाढतो. पण लोहाची कमतरता, बी-१२ ची कमतरता, नुकतंच चढवलेलं रक्त यांनीही वाढतो. आपल्याकडे लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असणारी माणसं घरोघरी आहेत, आणि मेटफॉर्मिनवर वर्षानुवर्षं असलेल्या मधुमेहींत बी-१२ आणखी घटतं. त्यांचा दोन वर्षांपूर्वीचा सीबीसी घरात असेल तर काढून बघा, आरडीडब्ल्यू तेव्हाच वाढलेला असू शकतो. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराचंही तसंच. नॉरॲड्रेनलिनवर असलेल्या सेप्सिसच्या रुग्णाला आम्ही बऱ्याचदा हायड्रोकॉर्टिसोन देतो. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, आणि गुणोत्तर एका दिवसात दुप्पट होऊ शकतं. तो आकडा औषधाचा असतो, आजार वाढल्याचा नव्हे.

आता क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ. याच्यावर सगळ्यांची नजर असते आणि याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज असतात. किडनीच्या आजारांसाठीच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१२ च्या निकषांप्रमाणे ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट, किंवा सलग सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्धा मिलीपेक्षा कमी, यांपैकी एक जरी झालं तरी किडनीला तीव्र इजा झाली असं म्हणतात. तिपटीच्या वर गेलं की तिसरी, म्हणजे सर्वांत वरची पायरी. १.१ वरून ३.८ म्हणजे जवळपास साडेतीनपट, तेव्हा वडील तिसऱ्या पायरीवर आहेत.

पण क्रिएटिनिन उशिरा बोलतं. घाटावर काल पडलेल्या पावसाने आज खाली नदी चढावी, तसं ते असतं: आज दिसणारा आकडा किडनीच्या काल-परवाच्या अवस्थेचा. म्हणून ३.२ वरून ३.८ झालं म्हणजे किडनी आजही तितकीच बिघडतेय असं नाही. रोजची वाढ ०.८, मग ०.५, मग ०.२ अशी उतरत गेली तर आकडा चढता असूनही मला बरं वाटतं.

उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. आयसीयूत सलाईन साचतं आणि त्यात क्रिएटिनिन पातळ होतं. ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यात सहा लिटर जास्तीचं साचलं आणि रिपोर्टमध्ये २.१ आलं, तर हिशेब असा: ६ भागिले ४२ म्हणजे सुमारे ०.१४, तेव्हा खरं क्रिएटिनिन २.१ गुणिले १.१४, म्हणजे २.४. कागदावर ‘स्थिर’ दिसणारी किडनी प्रत्यक्षात घसरत असते. दुसरं कारण स्नायूंचं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि व्हेंटिलेटरवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० आलं की घरचे पेढे वाटायच्या तयारीत असतात, पण त्यातला काही भाग किडनी सुधारल्याचा असतो आणि काही भाग मांड्या-दंड वाळल्याचा.

म्हणून मी राउंडला आधी लघवीची पिशवी बघतो. कॅथेटरला जोडलेल्या पिशवीच्या वर एक खुणा केलेली डबी असते, तिच्यात तासातासाची लघवी मोजतात आणि सिस्टर ती चार्टवर लिहितात. ७० किलोच्या माणसाला तासाला निदान ३५ मिली हवी. ती ५ मिलीवरून २०, मग ४० वर गेली, तर क्रिएटिनिन वाढतं असलं तरी किडनी उठायला लागली असं मी म्हणतो. डॉक्टरांना भेटाल तेव्हा ‘क्रिएटिनिन किती’ याच्या आधी ‘गेल्या २४ तासांत लघवी किती, आणि लघवीचं औषध देऊन की न देता’ हे विचारा. आणि ‘दाखल झाल्यापासून एकूण किती पाणी अंगात साचलंय’ हेही.

पुढचे आकडे रक्ताचेच आहेत, आणि त्यांच्यावर माझा जीव टांगलेला असतो. पहिलं लॅक्टेट, पेशींना रक्त-ऑक्सिजन नीट पोचत नसला की वाढणारा पदार्थ. सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येत, पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागतं आणि लॅक्टेट २ च्या वर आहे, तर तो सेप्टिक शॉक, आणि त्यात रुग्णालयातला मृत्युदर ४० टक्क्यांहून जास्त असतो. एकदाच काढलेल्या लॅक्टेटपेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. ५ वरून सहा-आठ तासांत ३, दुसऱ्या दिवशी १.८, ही मला दिसलेली सगळ्यात चांगली बातमी असते. ५ चं ५ च राहिलं तर आम्ही काहीतरी शोधायला लागतो: संसर्गाचा स्रोत राहिलाय का, आतड्याचा रक्तपुरवठा, यकृत. तुमच्या वडिलांबाबत एक जास्तीचा मुद्दा आहे. मेटफॉर्मिन किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी बंद पडल्यावर ते साचून लॅक्टेट खूप वाढू शकतं, आणि तेव्हा डायलिसिसने फायदा होतो. त्यांच्या घरच्या गोळ्यांची यादी आयसीयूत दिली आहे ना, हे आजच तपासा. गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, कुणी दिलेली भस्मं, सगळं सांगा. लाजायचं कारण नाही, त्यावर उपचार ठरतात.

दुसरं, पोटॅशियम आणि पीएच (रक्त किती आम्लधर्मी झालंय त्याचं माप). हे दोन आकडे एका दिवसात माणूस नेऊ शकतात. पोटॅशियम ६.५ च्या पुढे आणि ईसीजीत बदल असतील तर बाकी सगळी चर्चा बाजूला राहते.

तिसरं, प्लेटलेट्स आणि बिलिरुबिन, कारण त्यांच्यावरून किती अवयव एकाच वेळी अडचणीत आहेत ते कळतं. आम्ही वापरतो त्या ‘सोफा’ गुणांकनात सहा गोष्टी मोजतात: फुप्फुसं, रक्त गोठणं, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि किडनी. एकटी किडनी बिघडलेला माणूस आणि किडनीबरोबर फुप्फुस, रक्तदाब, यकृत अशी चार इंद्रियं बिघडलेला माणूस, यांच्या शक्यतांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, दोघांचं क्रिएटिनिन अगदी सारखं असलं तरी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण बघणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. बिलिरुबिन भडकलेलं, प्लेटलेट्स खाली, क्रिएटिनिन ५, आणि तरी लघवी वाहतेय, पोटॅशियम उलट कमी. वेळेत प्रतिजैविक मिळालं आणि फुप्फुसात रक्तस्राव झाला नाही, तर त्यांतले पुष्कळ जण पूर्ण बरे होऊन कामाला लागतात. तेच क्रिएटिनिन घोणस चावल्यावर, रक्त गोठत नाही आणि लघवी दोन दिवस थेंबभरही नाही अशा माणसात असेल, तर किडनीच्या बाहेरच्या थराचा कायमचा नाश झाल्याची भीती असते. आकडा एक, आजार दोन, निकाल दोन. म्हणून कारण न सांगता नुसता आकडा पाठवून ‘काय होईल’ विचारणाऱ्यांना मला काही सांगता येत नाही. तुम्ही कारण सांगितलंत, हे चांगलं केलंत.

जिवाणूंच्या संसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिनही रिपोर्टमध्ये असेल. किडनी बिघडली की ते मुळातच थोडं जास्त राहतं, त्यामुळे एकट्या आकड्यावरून संसर्ग किती हे ठरवू नये. कमाल आकड्यापेक्षा ८० टक्के उतरलं तर प्रतिजैविक थांबवायचा विचार करायला ते उपयोगी पडतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या ट्रोपोनिनचंही तसंच, ते थोडं वाढलंय म्हणजे हार्ट अटॅक आलाच असं नाही.

किडनीची इजा लवकर पकडणाऱ्या नव्या तपासण्यांबद्दलही तुम्ही वाचलं असेल. ‘एनगॅल’ या प्रथिनाच्या तपासणीवर मोठी आशा होती. २००५ मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांत दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच ते वाढतं, क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागतात. पण त्या मुलांत इजेची वेळ घड्याळात दिसत होती. सेप्सिसमध्ये ती कुणालाच ठाऊक नसते, आणि एनगॅल न्यूट्रोफिल पेशींतूनही सुटतं, त्यामुळे नुसत्या संसर्गानेही वाढतं. आणि तुमच्या वडिलांची किडनी बिघडली आहे हे आता सगळ्यांना दिसतंच आहे. बिघाड उघड झाल्यावर, तो होणार का हे सांगणारी महाग तपासणी करून काही बदलत नाही. त्यासाठी वणवण करू नका.

त्यापेक्षा फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधाची चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री करून किलोमागे १ मिलिग्रॅम, आधी औषध मिळालेलं असेल तर १.५ मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं, आणि पुढच्या दोन तासांत लघवी किती होते ते मोजायचं. २०० मिलीपेक्षा कमी झाली तर किडनी आणखी बिघडण्याची शक्यता जास्त. औषध स्वस्त, निकाल दोन तासांत. ही चाचणी आहे, उपचार नव्हे. तिने किडनी बरी होत नाही.

अल्ब्युमिनचं विचारलंत. २.३ हा आकडा वाईट आजाराची खूण आहे, त्याचं कारण नाही. सेप्सिसमध्ये केशवाहिन्या गळक्या होतात, अल्ब्युमिन बाहेर जातं, उरलेलं सलाईनमध्ये पातळ होतं. बाटल्या चढवून रिपोर्ट सुधारतो, हे खरं. इटलीत १८१८ रुग्णांवर हेच करून पाहिलं, तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला: अल्ब्युमिन ३ च्या वर ठेवूनही २८ आणि ९० दिवसांच्या जगण्यात फरक पडला नाही. खूप सलाईन देऊनही बीपी टिकत नसेल तर डॉक्टर काही वेळा ते वापरतात, तो निर्णय त्यांचा. पण केवळ रिपोर्टमध्ये २.३ आलं म्हणून तुम्ही आग्रह धरू नका. त्या बाटल्यांना हजारो रुपये लागतात, आणि पुढच्या महिन्यात त्या पैशांची जास्त गरज पडेल.

डायलिसिस लवकर की वाट पाहून, यावर आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं वाद होता. २०१६ मध्ये जर्मनीतल्या एकाच केंद्राच्या २३१ रुग्णांच्या अभ्यासात लवकर केल्याने मोठा फायदा दिसला, तर त्याच वर्षी फ्रान्समधल्या ६२० रुग्णांच्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. उलट वाट पाहिलेल्या गटातल्या जवळपास निम्म्यांना डायलिसिसची गरजच पडली नाही. मग २०२० मध्ये १५ देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांचा अभ्यास आला. ९० दिवसांतला मृत्युदर लवकरच्या गटात ४३.९ टक्के, वाट पाहिलेल्या गटात ४३.७. आणि जे जगले त्यांच्यात ९० दिवसांनीही डायलिसिसवर असलेले लवकरच्या गटात १०.४ टक्के, दुसऱ्या गटात ६. तेव्हा फक्त क्रिएटिनिन ३.८ आहे म्हणून घाई करायला लावू नका.

पण वाट बघण्यालाही मर्यादा आहे. पोटॅशियम औषधांनी उतरत नाही, पीएच ७.१५ च्या खाली, फुप्फुसात पाणी भरून ऑक्सिजन टिकत नाही, यांपैकी काही असेल तर एक तासही घालवू नये. युरियाचंही असंच. फ्रान्सच्या अभ्यासात युरिया नायट्रोजन ११२ ही सीमा होती. आपल्याकडच्या लॅब बहुतेक नुसतं युरिया देतात, त्या हिशेबाने ते सुमारे २४० होतं. त्याही पुढे थांबून पाहिलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात फायदा दिसला नाही, धोका वाढल्याची चिन्हं मात्र दिसली. एकदा डायलिसिस सुरू झालं की क्रिएटिनिन आणि युरिया मशीन उतरवतं. तेव्हा ते कमी झालं म्हणून हुरळून जाऊ नका, पुन्हा लघवीकडे बघा. औषधाशिवाय दिवसाला ४०० मिलीच्या वर लघवी व्हायला लागली की मशीन सोडवायचा विचार आम्ही सुरू करतो.

आता तुमचा खरा प्रश्न. डायलिसिस लागण्याइतकी किडनी बिघडलेल्या आयसीयूतल्या रुग्णांत मोठ्या अभ्यासांमधला मृत्युदर ४४ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्या वडिलांना अजून डायलिसिस लागलेलं नाही, ही त्यांची जमेची बाजू. व्हेंटिलेटर आणि नॉरॲड्रेनलिन चालू आहे, ही काळजीची. पुढच्या दोन-तीन दिवसांत नॉरॲड्रेनलिनचा डोस उतरतोय का, लॅक्टेट २ च्या खाली येतंय का, व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन कमी करता येतोय का आणि लघवी वाढतेय का, या चार गोष्टी रोज विचारा. चारही योग्य दिशेने सरकल्या तर आरडीडब्ल्यू १९ झाला तरी मी तुम्हाला धीर देईन. चारही उलट जात असतील तर मात्र घरच्यांनी एकत्र बसून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायची वेळ आली असं समजा.

आणि डायलिसिस कायमचं का? बहुधा नाही. वर सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासात जे वाचले त्यांतले शंभरातले नव्वदच्या आसपास किंवा जास्त जण ९० दिवसांनी डायलिसिसशिवाय होते. वडिलांचं आधीचं क्रिएटिनिन १.१ होतं, हीही चांगली गोष्ट. मधुमेहामुळे किडनीला आधीच थोडी झळ लागलेली असू शकते. लघवीतल्या अल्ब्युमिनचा जुना रिपोर्ट असेल तर तो शोधून द्या.

ते घरी आले की तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन खोटं कमी येईल असं वाटलं तर सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी करता येते, मात्र स्टिरॉइड चालू असताना किंवा थायरॉइड बिघडलेलं असताना तीही फसवते. वेदनाशामक गोळ्या नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नकोत, आणि मेटफॉर्मिन पुन्हा कधी सुरू करायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. अनेकांच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘न्यूमोनिया’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर ‘ॲक्यूट किडनी इंज्युरी, तिसरी पायरी’ हे आणि सर्वांत जास्त क्रिएटिनिन किती झालं तो आकडा, असं दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण पुढे कधी सीटी स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट द्यायची किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर समोरच्या डॉक्टरला ते त्या कार्डावरूनच कळणार आहे.